कनकची भिंत

इतिश्री स्वाईंची सगळी उत्तरं बरोबर होती आणि तिच्या पापणीची आतली बाजू पांढरी होती. या दोन गोष्टी एकाच मुलीत कशा नांदतात हे शोधणं, हेच माझं काम होतं.

भुवनेश्वरला अन्नशास्त्र शिकून झाल्यावर मला केंद्रापड्याकडच्या काही शाळांमध्ये पाठवलं होतं. नववीतल्या मुलींना अन्नाबद्दल काय कळतं, ते कुठून कळतं आणि कळलेलं ताटापर्यंत का पोचत नाही, असा तो अभ्यास. गाव माझ्या आजोळहून नदीपलीकडचं. बोली तीच, तळी तीच, आणि पुरुष नसलेली घरंही तीच. आमच्याकडचे पुरुष निम्म्या देशाच्या घरांत नळ बसवतात आणि सुटी मिळाली तर सणाला परत येतात. इतिश्रीचे वडील पुण्यात होते.

पहिल्या दिवशी मी प्रश्नांचे कागद वाटले. लोह कशात असतं, जेवणावर लगेच चहा का घेऊ नये, पालेभाजीवर लिंबू का पिळावं. इतिश्रीने सगळ्यांच्या आधी कागद दिला. लिंबाच्या प्रश्नाखाली जागा उरली नव्हती, तरी तिने बारीक अक्षरात एक ओळ जादा घुसवली होती: मोड आलेल्या मुगावर पिळलं तरी चालतं. मला ती मुलगी तिथेच आवडली.

मग मी मुलींना पापणी बघायला शिकवलं. शेजारणीला वर बघायला सांगायचं, अंगठ्याने खालची पापणी हलकेच ओढायची आणि आतला रंग बघायचा. डाळिंबाच्या दाण्यासारखा असला तर ठीक. वर्गभर किलबिलाट झाला. इतिश्रीची बाकावरची शेजारीण म्हणाली, "दिदी, हिच्या डोळ्यात भात शिजलाय." सगळ्या हसल्या, इतिश्रीही हसली. मी जाऊन पाहिलं. शेजारीण खोटं बोलत नव्हती.

आरोग्य केंद्रात तिचं रक्त तपासलं तेव्हा नर्सने दुसऱ्या बोटाला सुई टोचून पुन्हा बघितलं. आकडा बदलला नाही. या आकड्यावर मुलगी जिना कशी चढते, असं तिने मला बाजूला घेऊन विचारलं. एखादा साधा ताप आला तरी हे शरीर तो झेलणार नाही, असंही म्हणाली.

मी इतिश्रीला घेऊन बाहेरच्या बाकावर बसले आणि काल-आज काय खाल्लं ते विचारलं. सकाळी पखाळ, म्हणजे रात्री पाण्यात घातलेला भात. त्याबरोबर मीठ आणि भाजलेली मिरची. काल रात्री भात आणि डाळीचं वरचं पाणी. भाद्रपद होता, सगळे ओढे भरलेले, बाजारात मासा स्वस्त. मासा नव्हता का, असं मी विचारलं.

"आला होता," ती म्हणाली. "पण तो अपाचा होता."

अपा म्हणजे थोरली बहीण. म्हणजे तुम्ही दोघी, असं म्हणत मी लिहायला लागले.

"नाही दिदी, मी एकटीच. कनक अपा तीन वर्षांपूर्वी वारली."

तिने हे लिंबाच्या ओळीइतक्याच सहज सांगितलं.

तिच्या घराकडे जाताना वाटेत एका बाईने मला अडवलं. अंगणात शेवग्याच्या शेंगा निवडत बसली होती. इति तिला खुडी म्हणायची, म्हणजे काकू. गावात ती सगळ्यांचीच खुडी होती. मी वजनकाटा घेऊन फिरते हे तिच्या कानावर गेलं होतं.

"त्या घरात तोलायचं तर दोघींना तोला," ती म्हणाली. "एक दिसते, एक दिसत नाही. पण खाते ती जास्त."

मग तिने आवाज न खाली करता सांगितलं की कनकला चिरगुणी लागली होती. बाळंतपणात मेलेली बाई अशी होते आणि कोवळ्या पोरींचं रक्त पिते. थोरली संपवली, आता धाकटीकडे वळलीय. शहरातल्या डॉक्टरनेही तेच सांगितलं होतं, अंगात रक्तच नाही म्हणून. "मग गेलं कुठे ते?" असं खुडीने मला विचारलं, आणि प्रश्न चुकीचा नव्हता.

घर मातीचं, गवताने शाकारलेलं, पण इतकं नेटकं की चप्पल काढताना मला माझ्या टाचांची लाज वाटली. इतिची आई सेबती बारीक चणीची, कमी बोलणारी. तिने मला मुरमुरे आणि गूळ दिला, स्वतः दाराला टेकून उभी राहिली. आतल्या खोलीत एक बाज होती. बाजेच्या उशाशी, पडल्यावर तोंड येईल तेवढ्या उंचीवर, भिंतीत एक खळगा होता. आमटीची वाटी सहज बसेल एवढा. कडा गुळगुळीत झालेल्या, आणि तळाशी ताजे ओरखडे.

"कनकचं आहे ते," सेबती म्हणाली. हे दप्तर कुणाचं म्हणून विचारल्यावर सांगावं तसं.

तिच्याकडून कळलं ते असं. शेवटच्या महिन्यांत कनक याच बाजेवर पडून असायची. ती गेल्यावर सेबतीने भिंत लिंपून घेतली. काही दिवसांत खळगा पुन्हा पडला, त्याच जागी. पुन्हा लिंपला, पुन्हा पडला. सेबतीला याचं भय वाटलं नाही, नवलही वाटलं नाही. कुमारी मुलीचं श्राद्ध होत नाही. तिला पिंड नाही, पितरांच्या पंगतीत पाट नाही. भुकेली पोर आपल्या ओळखीच्या भिंतीपाशी येणार नाही तर जाईल कुठे? म्हणून सेबती तिचं ताट वाढायला लागली. घरात जे चांगलं येईल ते आधी त्या ताटात. मासा आला तर मधला तुकडा, अंडं आलं तर ते अख्खं. रात्री ताट बाजेखाली, सकाळी तळ्यात. मेलेल्याच्या नावाने वाढलेलं जिवंत माणसाने खाल्लं तर मेलेल्याच्याच तोंडचा घास काढल्यासारखं होतं, म्हणून त्याला कोणी हात लावायचा नाही.

"भिंत जास्त खरवडलेली दिसली की मला कळतं, तिचं पोट भरलं नाही," ती म्हणाली. "मग मी जास्त वाढते."

मी इतिकडे पाहिलं. ती उंबऱ्यावर बसून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. हात मांडीवर होते. तिची नखं मधोमध दबलेली होती, लहान चमच्यांसारखी, आणि त्या चमच्यांच्या कडेला पिवळसर माती होती.

आम्हाला हे शिकवलेलं असतं. अंगातलं लोह फार कमी झालं की काही माणसांना माती, कच्चे तांदूळ, राख असलं खावंसं वाटायला लागतं. का, ते अजून नीट कोणालाच माहीत नाही. माती पोटात गेली की अन्नातून येणारं थोडंफार लोहही ती धरून ठेवते, आणि मग ओढ आणखी वाढते. त्यात सेबती दर खेपेला ओल्या मातीने खळगा बुजवत होती. ओल्या मातीचा वास म्हणजे अशा माणसाला हाकच. मुलगी भिंत खात होती, आईला त्यात थोरली दिसत होती, थोरलीच्या ताटात धाकटीचा मासा जात होता, आणि मासा गेला की मुलगी पुन्हा भिंतीकडे वळत होती. माझ्या कागदावरचा कोणताही प्रश्न या घरात अडत नव्हता. लोह कशात असतं हे इथे माहीत होतं. ते कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत मी इतिला शाळेच्या हापशापाशी गाठलं आणि सरळ विचारलं. तिने पटकन हात मागे घेतले. मग बराच वेळ ती दुसऱ्या मुलींसाठी हापसा मारत राहिली, आणि त्या गेल्यावर बोलली.

खळगा कनकने सुरू केला होता. दोघी एका बाजेवर निजायच्या. कनक नखाने भिंतीचा पापुद्रा काढायची, अर्धा स्वतः खायची, अर्धा अंधारात इतिच्या तोंडात घालायची. पावसाळ्यात चव जास्त चांगली लागायची. दोघींचं ते गुपित होतं आणि इतिला ते आवडायचं, कारण कनक एरवी तिला फार जवळ घ्यायची नाही. ती गेल्यावर इतिने काही दिवस भिंतीला हात लावला नाही. मग एकदा लावला. सकाळी सेबतीने खळगा पाहिला आणि बाजेच्या कडेवर बसून ती रडली, हसली, भिंतीवरून हात फिरवत राहिली. माझी कनक आली, असं तिने अख्ख्या गल्लीला ओरडून सांगितलं. कनक गेल्यापासून ती धड जेवलीही नव्हती. त्या दिवशी तिने चूल पेटवली.

"तेव्हा मी कसं सांगणार होते?" इति म्हणाली. "आता सांगितलं तर अपा दुसऱ्यांदा मरेल, दिदी. आणि या खेपेला मी मारलेली असेल."

मी तिला म्हटलं की असं चालू राहिलं तर सेबतीला दोन ताटं तळ्यात टाकावी लागतील. हे फार कठोर होतं, पण ती हिशेबी मुलगी होती आणि हिशेब तिला कळायचा. शेवटी आमचं ठरलं. ती केंद्रापड्याला मामूकडे, म्हणजे मामाकडे, जाऊन राहील, मोठ्या दवाखान्यात रक्त चढवून घेईल, गोळ्या घेईल, भिंतीपासून लांब राहील. त्या बदल्यात मी तिच्या आईला काही सांगायचं नाही.

मामू सरळ माणूस. दसरा झाल्यावर येऊन भाचीला घेऊन गेला. बहिणीलाही चल म्हणाला, पण सेबती घर सोडायला तयार नव्हती. तिघींतली एक जाते, दोघी राहतो, असं तिचं म्हणणं पडलं. इति निघाली तेव्हा तिने आत जाऊन भिंतीला पाठ लावली आणि काही क्षण तशीच उभी राहिली. मला वाटलं निरोप घेतेय. आता वाटतं, वास घेत होती.

कार्तिक लागला. आमच्याकडे कार्तिकात मासा-अंडं घरात येत नाही, पण मामूच्या बायकोने इतिसाठी अंगणात वेगळी चूल मांडून अंडी उकडली आणि शेजारणींची तोंडं डॉक्टरच्या नावाने बंद केली. मला निरोप येत होते. रक्त चढलं. गोळ्यांनी मळमळतं पण घेते. शेजारच्या मुलीची पापणी बघून तिला दवाखान्यात नेलं. मी खूश होते. माझ्या अभ्यासात एवढी साफ गोष्ट दुसरी नव्हती. कारण सापडलं होतं, ते दूर केलं होतं, आता भिंत आपोआप बरी होणार होती.

कार्तिक संपत आला तेव्हा खुडीने मला बाजारात धरलं. "धाकटी नाही घरात," ती म्हणाली, "तरी भिंत खाल्ली जातेय. तुमच्या पुस्तकात बघा काही आहे का."

मी तशीच सेबतीकडे गेले. दुपार होती. ती अंगणात शेण कालवत होती, हात कोपरापर्यंत माखलेले. मला बघून तिने मानेनेच आत जा म्हटलं.

बाजेवर कोणी निजत नव्हतं हे दिसत होतं. चटई गुंडाळून ठेवलेली होती. खळगा खोल झाला होता. आता त्यात आमटीची वाटी नाही, भाताचा टोप बसला असता. मी वाकून बघितलं. उंदराने कुरतडलं तर दातांच्या जोडखुणा दिसतात. त्या नव्हत्या. घुशीने उकरलं तर माती खाली सांडते. खाली कणही नव्हता. भिंतीवर चार रेघा होत्या, शेजारी शेजारी, वरून खाली, आणि त्यांच्या कडा अजून ओल्या होत्या.

मी स्वतःला समजावत होते की हवा दमट आहे, भिंत जुनी आहे. पण ती खोली रिकामी वाटत नव्हती. कोणीतरी जेवता जेवता उठून गेलंय आणि मी उठेपर्यंत दाराआड थांबलंय, असं वाटत होतं. त्याहून वाईट म्हणजे, तो वास. पहिल्या सरीचा नव्हे. त्याहून जड, थंड, माठाच्या तळासारखा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मी ते गिळलं आणि बाहेर आले.

"तुम्ही त्या दिवशी इतिच्या नखांकडे बघत होतात," सेबती शेणातून हात न काढता म्हणाली. "मी पाहिलं. तुम्हाला काय वाटलं ते मला कळलं. पण आता इति इथे नाही. बघितलंत ना?"

बघितलं, मी म्हणाले. परतताना मी दोनदा मागे वळून पाहिलं. ती तशीच बसली होती आणि माझ्याकडे नाही, घराच्या दाराकडे बघत होती.

मग प्रथमाष्टमी आली. मार्गशीरातला हा दिवस आमच्याकडे घरातल्या थोरल्या अपत्याचा. मामाकडून नवं कापड येतं, आई त्या मुलाला पाटावर बसवून ओवाळते, आणि हळदीच्या पानात उकडलेला तांदूळ-उडदाचा एंडुरी पिठा पहिला त्याच्या हातात देते. धाकट्यांनी बघायचं आणि मग खायचं. मी स्वतः धाकटी आहे. ते बघणं मला माहीत आहे. कनक गेल्यावरही सेबती दर वर्षी तिचा पाट मांडायची. रिकाम्या पाटाला ओवाळायची. थोरली एकच असते, असं ती म्हणायची, मेली म्हणून दुसरीचा नंबर लागत नाही.

इति त्या सकाळी मामूबरोबर परत आली. मामू कापडाची पिशवी ठेवून दुकान उघडायला परतला. मला तिनेच बोलावलं होतं. तिचे गाल भरले होते, चालताना दम लागत नव्हता. दारातच मी तिची पापणी ओढून बघितली. डाळिंब नाही, पण पेरूच्या आतल्या गराइतकी गुलाबी झाली होती. ती हसली आणि आत गेली. तिने आधी भिंत पाहिली.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती घाबरेल असं मला वाटलं होतं, कारण मी घाबरले होते. ती घाबरली नाही. तिने खळग्यात हात घातला आणि त्या चार रेघांवर आपली चार बोटं टेकवली. बोटं रेघांमध्ये बसली नाहीत. रेघा रुंद होत्या. एवढा साधा प्रयोग मला सुचला नव्हता.

सेबतीने पाट मांडला होता, त्यावर नवं कापड, पुढे ताट. ताटात चार पिठे, पानासकट, वाफ निघणारे. ती निरांजन उचलायला वाकली आणि उठताना तिने खांब धरला. थोडा वेळ डोळे मिटून तशीच उभी राहिली. हे मी आधीही पाहिलं असणार. ती नेहमी कशाला ना कशाला टेकलेली असायची. पण आमच्या अभ्यासात आया नव्हत्या.

"बोउ, खाली बस," इति आईला म्हणाली.

"ओवाळायचंय."

"आधी बस. आणि वर बघ."

सेबती बसली, बहुधा पायांत उभं राहण्याची ताकद नव्हती म्हणून. इतिने अंगठ्याने आईची खालची पापणी ओढली, वर्गात शिकवली होती तशी, हलकेच. मला दारातूनही दिसलं. भात. मग तिने आईचा उजवा हात उलटा केला. नखं मधोमध दबलेली होती आणि त्यांच्या कडेला पिवळसर माती होती.

"आधी मी खात होते, बोउ," इति म्हणाली. "अपा असताना आम्ही दोघी. मग मी एकटी. ती कधी आली नव्हती."

सेबतीने हात काढून घेतला नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

मग सेबती बोलायला लागली, इतिशी नाही, पाटाशी बोलल्यासारखं. "तू गेलीस आणि भिंत थांबली. मी रोज सकाळी बघायची. नुसती कोरडी. तेव्हाच समजलं मला. पण मग वाटलं, तू नव्हतीस म्हणून ती येत नसेल, तुझ्यामागून येत असेल. मग तिला बोलवायचं कसं? मी भिंतीवर पाणी मारलं. नखाने जरा खरवडलं, तिला वाट दिसावी म्हणून. बोटाला लागलं ते तोंडात गेलं." ती थांबली. "मग रोजच."

"चांगली लागते," इति म्हणाली.

"लागते," सेबती म्हणाली.

मी दारात उभी होते आणि मला कळत होतं की या दोन शब्दांच्या मध्ये मला जागा नाही. नऊ-दहा वर्षं मी अन्न शिकले. भूक या दोघींइतकी मला कुणी शिकवली नव्हती.

इतिने पाटावरचं ताट उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. सेबती दचकून मागे सरली. ते तिच्या नावाचं आहे, असं पुटपुटली. इतिने एक पिठा पानातून सोडवला, मधोमध मोडला. आत खोबरं आणि गूळ होतं. त्या मधल्या भागातून तिने चिमूटभर काढलं आणि पाटावरच्या नव्या कापडापाशी ठेवलं.

"तिला मधलंच आवडायचं. तिला एवढं पुरतं," ती म्हणाली. "बाकीचं तू खा. आज तू आधी, मग मी. आणि दुपारी माझ्याबरोबर आरोग्य केंद्रात यायचं."

"मग तिने रोज कुठे जेवायचं?" सेबतीने विचारलं. खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं.

"एवढंच. रोज. मी ठेवीन," इति म्हणाली. "पण भिंतीत नाही. आणि भिंत ओली करायची नाही आता. बाबा आला की सिमेंट लावून घेऊ."

सेबतीने पाटाकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने पिठ्याचा तुकडा तोंडात घातला आणि चावायला विसरल्यासारखी बसून राहिली. इतिने तिच्या पाठीवर हात ठेवला, लहान मुलाला ठेवतात तसा. मग ती चावायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने पुसलं नाही. दुसरा तुकडा तिने स्वतः घेतला. तिसराही. इतिने मला आत बोलावलं आणि माझ्या हातावर एक पिठा ठेवला, पान अजून गरम होतं. आम्ही तिघी पाटाभोवती बसून खात होतो. पाटावर कोणी नव्हतं. चिमूट तशीच होती.

दुसरा दिवस गुरुवारचा होता. मार्गशीरातल्या गुरुवारी लक्ष्मी घरोघर फिरते म्हणून बायका आदल्या दिवशीच अंगणं सारवून घेतात. समोर खुडीने बादली आणली असावी. तिच्या अंगणात पाण्याचा सपकारा वाजला, मग मातीवर हात फिरायला लागला, आणि वाऱ्याबरोबर तो वास दारातून आत आला. जड, थंड, ओल्या भिंतीचा.

आमची तोंडं भरलेली होती. सेबतीचा जबडा थांबला. इतिचा थांबला. मग माझ्या ध्यानात आलं की माझाही थांबलाय.

इति उठली, दाराशी गेली, बाहेर वाकून सारवणाऱ्या खुडीकडे क्षणभर बघत राहिली. मग तिने दार लावून घेतलं.